११८ कोटींची ग्रामयात्रा

या वेळी अभंगाचे निरूपण नाही, एका चित्राचे आहे. वारकऱ्यांच्या मासिकात चित्राची चर्चा कशासाठी, असे कोणी सज्जन विचारतील. म्हणून आधी विषय मांडतो, मग शंका घेतो आणि शेवटी माझ्या अल्पमतीप्रमाणे समाधान करतो. नारदांच्या गादीवर चाळीस वर्षे उभे राहून अंगी लागलेली ही रीत आहे. गादी सोडली तरी ती सुटत नाही.

१९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्क शहरात क्रिस्टीज नावाच्या लिलावाच्या पेढीवर एक चित्र विकले गेले. चित्राचे नाव ‘ग्रामयात्रा’, साल १९५४, चित्रकार मकबूल फिदा हुसेन. बोली १ कोटी ३७ लाख डॉलरांच्या वर गेली. आपल्या हिशेबाने सुमारे ११८ कोटी रुपये. त्या दिवसापर्यंत आधुनिक भारतीय चित्राला लिलावात एवढी रक्कम कधी मिळाली नव्हती. आधीचा उच्चांक अमृता शेरगिल यांच्या एका चित्राचा होता. २०२३ साली ते ६१ कोटी ८० लाखांना गेले होते. ग्रामयात्रेने तो आकडा जवळजवळ दुप्पट केला.

आता आपला संबंध. ‘ग्राम’ आणि ‘यात्रा’ हे दोन्ही शब्द आपल्या अंगणातले आहेत. शिवाय हा चित्रकार जन्मला कोठे? १७ सप्टेंबर १९१५ रोजी, साक्षात पंढरपुरात. आई तो दीड-दोन वर्षांचा असतानाच गेली. वडील त्याला घेऊन इंदूरला गेले. पुढे मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून आणि लाकडी खेळण्यांचे नमुने काढून त्याने पोट भरले. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसेन या सहा जणांचा ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाचा गट झाला, तेथून त्याचे नाव वर आले. १९४७ हे साल वारकऱ्याला आणखी एका कारणाने पाठ असते. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक राहिलेले साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि पांडुरंगाच्या मंदिराचे दार हरिजन बांधवांना उघडले. एक दार मंदिराचे, एक दार चित्रशाळेचे. दोन्ही एकाच वर्षी हलू लागली. पहिले उघडले. दुसरे आपल्यासारख्यांना किती उघडले, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

चित्राची हकिगत ऐकण्यासारखी आहे. लिऑन व्होलोडार्स्की नावाचे एक शल्यविशारद जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आले होते. छातीच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण देणारे केंद्र उभारणे हे त्यांचे काम. त्यांनी १९५४ साली हे चित्र घेतले आणि नॉर्वेला नेले. १९६४ साली ते ओस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकले. तेथे ते एका मार्गिकेत, जिथे बाहेरच्या माणसाची ये-जा नाही अशा जागी, कितीतरी वर्षे टांगलेले राहिले. म्हणजे नावाने यात्रा आणि मुक्काम मात्र एकाच भिंतीवर. विक्रीचे पैसे रुग्णालयाने डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी लावायचे ठरवले, ही गोष्ट मला आवडली. घेणारे दिल्लीचे किरण नाडर कलासंग्रहालय आहे, असे नंतर वर्तमानपत्रांतून कळले. चित्र परत मायदेशी येणार हे शुभ वर्तमान होय.

चित्र सुमारे १४ फूट लांब आणि ३ फूट उंच आहे. त्यात एक मोठा देखावा नाही. लहानमोठ्या १३ चौकटी आहेत, जशा पोथीच्या पानांवर कडेने काढलेल्या असतात. कोणी दळते आहे, कोणी गाय दोहते आहे, कोणी लेकरू सांभाळते आहे, कोणी गाडीत बसले आहे. बहुतेक ठिकाणी बायकाच आहेत. एका चौकटीत एक शेतकरी उभा आहे. त्याचा हात चौकटीची रेघ ओलांडून शेजारच्या चौकटीतल्या जमिनीला जाऊन लागतो. चित्र मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, छापील पाहिले आहे. तेव्हा रंगाचा पोत, कुंचल्याचा दाब, यांविषयी बोलणे माझ्या अधिकारात नाही. रचनेविषयी आणि भावाविषयी बोलतो.

आमच्या बोदवडला एका सप्ताहाच्या वेळी मंडळी प्रसादाला बसली असता कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने हे चित्र मोबाईलवर दाखवले. शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. जन्मभर शेतात राबलेल्या. त्यांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, “ही दळते आहे, म्हणजे अजून उजाडलं नाही.” पुढे सरकवून म्हणाल्या, “धार काढते आहे, म्हणजे आता तांबडं फुटलं.” थोडे थांबून विचारले, “पण सगळी कामातच आहेत. मग यात्रेला निघालं कोण?”

सज्जनहो, मोठमोठ्या समीक्षकांनी या चित्रावर लिहिले आहे. चित्रकाराने भारतीय लघुचित्रांतून चौकटी घेतल्या, मथुरेच्या मूर्तींवरून शरीराची ठेवण घेतली, असे ते सांगतात, आणि ते खरेच आहे. १९४८ साली दिल्लीला भरलेल्या प्राचीन शिल्पचित्रांच्या प्रदर्शनाने हुसेन भारावून गेले होते. परंतु चित्रात घड्याळ नसताना कामावरून वेळ ओळखणारी ती बाई चित्राच्या अधिक जवळ गेली, असे मला वाटते. आणि तिचा प्रश्न हा या चित्राचा गाभा आहे. यात्रेला निघाले कोण?

उत्तर आपल्या संप्रदायात आहे. सावतोबा अरणच्या मळ्यातून हलले नाहीत. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना देव भेटला, आणि देवच त्यांच्या मळ्यात आला, ही कथा लहान पोरालाही ठाऊक असते. गोरोबा चिखल तुडवत होते, जनाबाई दळत होत्या. ज्ञानोबारायांनी अठराव्या अध्यायात आपल्या वाट्याचे कर्म हीच सर्वात्मक ईश्वराची पूजा असे सांगितले. तेव्हा जी पहाटे उठून दळते, धार काढते, लेकराला पाजते आणि गाडी जुंपते, तिचा दिवस हीच तिची यात्रा. चित्रकाराने हे जाणून केले की न जाणता, ते मी कसे सांगणार? पण चित्रात ते उतरले आहे. त्या शेतकऱ्याचा चौकट ओलांडून जमिनीला लागलेला हात मला फार मोलाचा वाटतो. बाकी सगळ्या चौकटी आपापल्या जागी बंद आहेत. तो एक हात त्यांना जोडतो. वीणेकरी असतो ना दिंडीत, तसा. त्याच्यामुळे बाकीचे एका सुरात राहतात.

गुण सांगितला, आता उणे सांगतो. निरूपणकाराने गुणच सांगत राहिले तर तो भाट होतो. या चित्रातले गाव फार सुखी आहे. सावकार नाही, दुष्काळ नाही, रोगराई नाही. १९५४ साली देश नवा होता, मने उमेदीची होती, त्याचे हे प्रतिबिंब असेल. परंतु गाव म्हटले की गावकूस आले आणि गावकुसाबाहेरची वस्तीही आली. चोखोबाराय महाद्वाराबाहेर राहिले, ते गावाचाच भाग होते. १३ चौकटींत ती वस्ती मला कोठे दिसली नाही. आमच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी अक्षर न शिकता शेताचे, जात्याचे, चुलीचे गाणे रचत. पण त्यांच्या गाण्यात चुलीचा धूर डोळ्यांत जातो. ग्रामयात्रेतल्या चुलीचा धूर डोळ्यांत जात नाही. पाहणाऱ्याला ते गाव आवडते, पण त्या गावाचे दुःख त्याच्या अंगावर येत नाही. थोर चित्र असूनही ही उणीव मला जाणवली, आणि ११८ कोटींनी ती भरून निघत नाही.

आता शंका. पहिली शंका कडक आहे, आणि ती टाळून पुढे जाणे हे भ्याडपणाचे होईल. “महाराज, हाच ना तो, ज्याने देवीदेवतांची विवस्त्र चित्रे काढली? त्याचे नाव आमच्या मासिकात कशाला?”

शंका रास्त आहे. ती रेखाटने १९७० च्या दशकातली. १९९६ साली एका मासिकाने ती छापल्यावर देशभर संताप उसळला, खटले झाले. २००६ साली हुसेन देश सोडून गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये त्यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतार देशाचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी लंडनमध्ये देह ठेवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहा शहरात त्यांच्या नावाचे संग्रहालयही उघडले. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराचे संग्रहालय वाळवंटात उभे राहिले, आणि ते चंद्रभागेचे वाळवंट नव्हे.

मला ती रेखाटने रुचली नाहीत. भक्ताला देव आईबापाच्या ठिकाणी असतो. आईकडे पाहण्याची एक मर्यादा असते आणि ती मर्यादा ज्याच्या रक्तात आहे त्याला अशा रेषा टोचणारच. कलेच्या स्वातंत्र्याचे शास्त्र सांगून ती टोचणी जात नाही. आपल्या मंदिरांच्या भिंतींवरही तशी शिल्पे आहेत, हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो अगदीच खोटा नाही. पण त्याने रडणाऱ्याचे डोळे पुसले जात नाहीत.

एवढे मान्य करून पुढचे बोलतो. मनाला लागले म्हणून काय करावे? निषेध करावा, पाठ फिरवावी, त्याहून चांगले चित्र काढून दाखवावे. पण चित्र जाळावे, फाडावे, बुडवावे, असे जो म्हणेल त्याला मी इंद्रायणीच्या काठावर घेऊन जाईन. तेथे एकदा गाथा बुडवली गेली. ती बुडवायला लावणाऱ्यांनाही धर्म दुखावल्यासारखेच वाटत होते. गाथेची आणि त्या रेखाटनांची मी बरोबरी करत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. मी काठाविषयी बोलतो आहे. बुडवणाऱ्यांचा काठ एक आणि तेरा दिवस धरणे धरून बसलेल्या तुकोबारायांचा काठ दुसरा. वारकऱ्याने कोणत्या काठावर उभे राहायचे, हे आपल्या पूर्वजांनी ठरवून ठेवले आहे.

आणि ज्याने १९७० नंतर काही काढले, त्याचे १९५४ चे चित्र त्याच शिक्क्याखाली पाहायचे का? शेख महंमदबाबा श्रीगोंदेकरांना आपण संतमालिकेत मान देतो. तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली की पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी घेते. ही आपली परंपरा. हुसेन संत होते असे मुळीच म्हणत नाही. ते लौकिकाचे भुकेले होते, प्रसिद्धी त्यांना आवडे, मोटारी आवडत. परंतु माणसाचे एक कर्म पाहून दुसऱ्या कर्माचा न्याय करू नये, हा साधा विवेक आहे.

येथे नरहरी सोनारांचा दृष्टांत घेतो. कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. नरहरी शिवभक्त, पंढरपुरात राहून विठ्ठलाचे तोंड न पाहण्याचे व्रत. एका सावकाराने देवासाठी सोन्याचा करगोटा घडवायला सांगितले. माप आणून दिले, त्याप्रमाणे नरहरींनी घडवला. एकदा तोकडा झाला, एकदा सैल झाला. शेवटी स्वतः माप घ्यायला गेले ते डोळ्यांवर पट्टी बांधून. हाताने चाचपू लागले तर हाताला सर्प, व्याघ्रांबर, पाच मुखे लागली. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली तर पुन्हा शंकर. तेव्हा समजले की जो हर तोच हरी. मग करगोटा बरोबर बसला.

कीर्तनात या कथेचा सिद्धांत हरिहर ऐक्य असा सांगतात, आणि तो योग्यच आहे. पण नरहरी हे कारागीर होते, हे आपण विसरतो. ही कथा कारागिराच्या मापाचीही आहे. दुसऱ्याने आणून दिलेल्या मापावर केलेला दागिना मूर्तीला बसला नाही. हुसेनांच्या चित्राला आज दोन मापे लावली जातात आणि दोन्ही दुसऱ्यानेच आणून दिलेली आहेत. एक माप रागाचे : ज्याचे नाव ते, त्याचे चित्र पाहायचेच नाही. दुसरे माप पैशाचे : ११८ कोटी मिळाले, म्हणजे थोरच असले पाहिजे. पहिल्याने करगोटा तोकडा होतो, दुसऱ्याने सैल. आमच्या त्या म्हाताऱ्या बाईंना चित्रकाराचे नावही माहीत नव्हते आणि किंमतही नव्हती. त्यांनी फक्त हात लावून पाहिले. त्यांचे माप बसले.

दुसरी शंका त्या कॉलेजच्या मुलानेच काढली होती. “महाराज, पंढरपुरात विठोबाची तसबीर वीसपंचवीस रुपयांना मिळते. हे चित्र ११८ कोटींना. मग मोठे कोणते?”

समाधान असे. किंमत ही वस्तूच्या अंगी नसते, ती घेणाऱ्यांच्या चढाओढीत असते. जे एकच आहे आणि ज्याच्यामागे दोन धनवान लागले आहेत, त्याची किंमत चढते. तसबीर लाखोंनी छापली जाते, म्हणून स्वस्त. यात भक्तीचा संबंध नाही आणि कलेचाही फारसा नाही. आपल्या येथून जामनेर, पहूर करत फर्दापूरला गेले की अजिंठ्याची लेणी येतात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिला आहे ना? त्याला किती कोटी येतील? विकायला काढता येत नाही म्हणून त्याची किंमतच नाही. आणि काढणाऱ्याचे नावही नाही. दीड हजार वर्षांपूर्वी दिव्याच्या उजेडात ज्यांनी ते रंगवले, त्यांनी कोपऱ्यात सही केली नाही. बाजारात सहीला मोल, अजिंठ्यात सहीच नाही.

आपल्याच जिल्ह्यातला दुसरा दाखला. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस, १९१२ ते १९८९. विलायतेत छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन आलेला हा पारशी माणूस आयुष्याची कितीतरी वर्षे चाळीसगावच्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर वाळू, कापूस, काड्या असल्या वस्तू मांडून तो असा देखावा रचायचा की छायाचित्रात ते खरे वाळवंट, खरे हिमशिखर वाटावे. रेल्वे स्टेशनाजवळचे त्याचे घर आज संग्रहालय आहे. खानदेशातून पंढरीला, आळंदीला जाणाऱ्या किती वारकऱ्यांची गाडी चाळीसगावला थांबते! उतरून ते घर पाहणारे किती? त्याच्या एकांताचे मला कौतुक आहे. साधकाला एकांत लागतोच, तुकोबारायही भंडाऱ्यावर जात. पण तुकोबाराय डोंगरावरून खाली येत आणि देहूत कीर्तन करत. डोंगर चढणे ही अर्धी साधना, उतरून येणे ही उरलेली अर्धी. मूस यांची कला घरातच राहिली. ग्रामयात्रा रुग्णालयाच्या भिंतीवर राहिली. दोन्ही ठिकाणी उणीव एकच : चित्र लोकांत चालत आले नाही.

चित्र चालू शकते का? शकते. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी सांगत आला. कागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवायचे, एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा बांधायचा, त्याला ते ‘पोथी’च म्हणतात, आणि एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून वाद्यांच्या साथीने कथा गायची. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला होता. तो गेल्यावर कला मरणपंथाला लागली. परशुराम गंगावणे यांनी ती धरून ठेवली. आपल्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी संग्रहालय मांडले, जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या जपल्या, मुलांना शिकवले. २०२१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या चित्रांना क्रिस्टीजमध्ये बोली लागणार नाही. पण ते चित्र कथेवाचून अपुरे आहे आणि कथा श्रोत्यांवाचून. चित्र, गाणे आणि माणसे एकत्र आली तरच ते पुरे होते. वारकऱ्याला यात आपले कीर्तन दिसले नाही तरच नवल.

आणि आश्चर्य म्हणजे हुसेनांनीही हे एकदा केले होते. राममनोहर लोहियांनी त्यांना सुचवले की धनिकांच्या दिवाणखान्यांतून बाहेर ये, रामायण रंगव. मग हैदराबादेत बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून त्यांनी रामायणाची कितीतरी चित्रे रंगवली, आणि ती बैलगाडीत घालून आसपासच्या खेड्यांत नेली. खेड्यातल्या लोकांनी ती पाहिली, राम ओळखला, सीता ओळखली, मारुती ओळखला. हे चित्र असेच का, असा प्रश्न कोणी विचारला नाही, असे ते सांगत. माझ्या मते त्यांच्या जन्मातली खरी ग्रामयात्रा ती. १९५४ च्या चित्रात बैलगाडी रंगाची होती, हैदराबादला ती लाकडाची झाली. लिलावात जिचे मोल झाले ती पहिली. दुसरीचे मोल कोण करणार?

त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती वारकऱ्याला समजेल. १९६४ साली कवी गजानन माधव मुक्तिबोध गेले. हिंदीत लिहिणारे, पण घर मराठी. त्यांच्या निधनानंतर हुसेनांनी पायताण सोडले आणि पुढे जन्मभर अनवाणी वावरले. श्रीमंतांच्या मेजवानीतही अनवाणी. काहींनी त्याला सोंग म्हटले. असेल, थोडे सोंग असेलही. परंतु आषाढाच्या वाटेवर ज्याने अनवाणी पायाखालचा खडा अनुभवला आहे, त्याला दुसऱ्याच्या अनवाणी पायांची थट्टा करवत नाही. १९९२ साली कोलकात्यात त्यांनी लोकांसमोर देवींची चित्रे रंगवली आणि अखेरीस पांढऱ्या रंगाने ती स्वतःच झाकून टाकली, जसे आपण मूर्तीचे विसर्जन करतो. ज्या हाताने चित्राला कोट्यवधींची किंमत येते, त्याच हाताने ते पुसणे सोपे नाही. ‘मी केले’ हा अभिमान त्या एका क्षणापुरता तरी पुसला गेला असावा. सगळा पुसला गेला असे मात्र त्यांच्या एकंदर चरित्रावरून म्हणवत नाही.

तेव्हा वारकऱ्याने चित्राची परीक्षा कशी करावी? माझ्या बुद्धीला तीन कसोट्या सुचतात. पहिली, त्यात श्रमाचा मान राहिला आहे का. ग्रामयात्रा येथे उत्तम उतरते. दुसरी, त्यात सगळे गाव आहे का, वेशीबाहेरचेही. येथे ती कमी पडते. तिसरी, ते लोकांपर्यंत चालत येते का, की लोकांनीच तिकीट काढून त्याच्यापर्यंत जायचे. याचे उत्तर चित्राच्या हाती नाही, ज्यांच्या हाती ते आहे त्यांच्याकडे आहे. पांडुरंगाचे दार साने गुरुजींनी उघडायला लावले, तेव्हा मूर्ती विटाळली नाही, उलट महाराष्ट्राचे तोंड उजळले. चित्रशाळांची दारे कायद्याने बंद नाहीत. पण त्यांची भाषा, त्यांचा थाट आणि त्यांच्या बातम्यांतले कोटींचे आकडे असे असतात की धोतर-टोपीतला माणूस उंबऱ्यावरच थबकतो. तिकडच्या जाणत्यांना हात जोडून एकच सांगणे आहे. या चित्राची एक चांगली, मूळ मापाची छापील प्रत करा आणि एका आषाढीला ती पंढरपुरात लावा. १४ फूट भिंत पंढरपुरात मिळेल. जन्मगावी त्याला पाहायला जेवढी माणसे येतील, तेवढी न्यूयॉर्कात जन्मात आली नसतील. आणि काय बरे, काय वाईट, ते ती माणसे स्पष्ट सांगतील.

आपल्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे. मुक्ताईंची पालखी कोथळीहून निघते, ती सर्वांत लांबच्या पल्ल्याच्या पालख्यांपैकी एक. महिनाभराहून अधिक वाट. त्या वाटेवर गावोगावी रांगोळ्या निघतात, पताका रंगतात, शाळेची पोरे फळ्यावर विठोबा काढतात. हीसुद्धा चित्रकलाच आहे आणि ती आजची आहे. कोणी तिच्याकडे कला म्हणून पाहत नाही. सप्ताह बसतो तेव्हा मंडपाच्या एका बाजूला प्रायोजकांचे आणि पुढाऱ्यांचे फलक लागतात. दुसरी बाजू गावातल्या पोरांना द्या. त्यांना सांगा, आपल्या गावाच्या १३ चौकटी काढा. कपाशी वेचणारी काढा, केळीचे घड वाहणारा काढा, वीटभट्टीवरचे कुटुंब काढा, वेशीबाहेरचे घर काढा, धुरासकट चूल काढा. हुसेनांकडून जे राहिले ते ती काढतील. काढून झाले की एकेका चित्रासमोर एकेका पोराला उभे करा आणि त्याची कथा सांगायला लावा. पिंगुळीचे ठाकर हेच करत आले.

अशा भिंतीसमोर आमच्या त्या म्हाताऱ्या बाईंना नेऊन उभे केले पाहिजे. त्यांनी एकदा पाहिले की चित्र खरे की खोटे ते कळते. बोली लावायची गरज पडत नाही.

रामकृष्णहरी.